रानात जाणाऱ्या गाडीला लोखंडाचीच डिस्क पाहिजे



उडीद काढणीला आलाय, सोयाबीनच्या शेंगा भरतायत, आणि आमच्या बार्शीकडच्या शिवारात पारावर विषय कुठला, तर गाडीच्या चाकांचा. दसरा महिन्यावर आलाय. कुणी जुनी बोलेरो देऊन नवी घेतोय, कुणाच्या पोराला थारच पाहिजे, कुणी आहे त्याच गाडीला अलॉय बसवायचं म्हणतोय. गेल्या पंधरा दिवसांत मला चौघांनी विचारलं, "अलॉय घ्यावं का साधी डिस्क?" चौघांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच एकदा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. जी गाडी आठवड्यातनं तीन-चार दिवस डांबर सोडून पाणंदीला, ओढ्यात, बांधावर जाते आणि ओझं घेऊन जाते, तिला स्टीलचीच डिस्क पाहिजे. कंपनीनं दिलेल्या मापाची, पंधरा किंवा सोळा इंची. अलॉय वाईट आहे असं मी म्हणत नाही. पुणे-सोलापूर रोजचं येणं-जाणं असेल तर खुशाल घ्या. माझं भांडण आहे ते रानातल्या गाडीला अलॉय "मजबूत" म्हणून विकलं जातं त्याच्याशी. महाग आहे म्हणजे मजबूत असणार, हा हिशोब आपण बियाण्यात करत नाही, औषधात करत नाही. मग चाकात कशाला करायचा?

मजबूत म्हणजे नेमकं काय

वाळलेली तुराटी घ्या आणि निरगुडीचा ओला फोक घ्या. तुराटी ताठ असते, पण गुडघ्यावर घेतली की कडकन मोडते. फोक वाकतो, पिळतो, मोडत नाही. यातलं मजबूत कोण? कशासाठी पाहिजे त्यावर आहे. डांबरावर ताशी शंभरनं पळताना चाक ताठ आणि एकदम गोल लागतं. ओढ्यातल्या दगडावर आपटताना ते चिवट लागतं. दोन्ही गुण वेगळे, आणि दुकानदार दोन्हीला एकच शब्द वापरतो.

आता धातूकडे बघू. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांश वजनाचं. घनता २.७, लोखंडाची ७.८ च्या आसपास. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. ॲल्युमिनियमचा ताठपणाही लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांशच असतो. म्हणून तेवढाच ताठपणा आणायला अलॉयचं चाक जाड करावं लागतं. हातात घेऊन बघा, अलॉयच्या आऱ्या अंगठ्यापेक्षा जाड असतात, स्टीलची डिस्क पत्र्याची असते. त्यामुळे वजनातला फायदा कागदावर दिसतो तेवढा हातात येत नाही. शिवाय पंधराचं काढून अठराचं बसवलं, तर अलॉय असूनही चाक जुन्यापेक्षा जड निघू शकतं.

बाजारात मिळणारी बहुतेक अलॉय चाकं ओतीव असतात. ॲल्युमिनियममध्ये साधारण सात टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम, याला ए-३५६ म्हणतात. ओतल्यावर चाक साधारण ५४० अंशाला तापवतात, पाण्यात विझवतात आणि मग दीडशेच्या वर काही तास ठेवतात. या प्रक्रियेला टी-६ म्हणतात, आणि अलॉयची खरी ताकद तिथनं येते. हे लक्षात ठेवा, पुढं वेल्डिंगच्या वेळी लागणार आहे.

असं ओतीव अलॉय तुटायच्या आधी साधारण पाच-दहा टक्के ताणलं जातं. चाकाचं स्टील वीस-पंचवीस टक्के. फरक एवढाच, पण ओढ्यात तोच फरक गाडी घरी आणतो. धक्का बसला की स्टील वाकून तो पोटात घालतं. अलॉयही कडेला थोडं वाकतं, नाही असं नाही, पण धक्का जास्त झाला की चिरतं. आणि चीर कायम दिसते असं नाही. आतल्या कडेला केसाएवढी चीर पडते, रोज सकाळी टायरमधली हवा कमी झालेली दिसते, पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून म्हणतो "पंक्चर तर नाही." पंक्चर नसतंच. चाक गेलेलं असतं.

ज्यांना पैसे परवडतात ते म्हणतील फोर्ज्ड अलॉय घ्या, ते दाबून घडवलेलं असतं, चिवट असतं. खरं आहे. पण त्याची किंमत ऐकून मग आपल्या सोयाबीनचा भाव आठवा.

मोडल्यावर काय होतं ते बघा

चाक कधी ना कधी मार खाणारच. आमच्या पाणंदीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो आणि चिखलाखाली दगड असतात. म्हणून मी घेताना पहिला प्रश्न असा विचारतो, की मोडल्यावर काय? गावात नीट होतं का? तालुक्याला मिळतं का? किती दिवस गाडी उभी राहते?

मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या शेतकऱ्याची गाडी ओढा ओलांडताना दगडावर बसली. गाडीला बाहेरनं बसवलेली अठरा इंची अलॉय. पुढचं डावं चाक कडेपासून आरीपर्यंत चिरलं, हवा एका दमात गेली. स्टेपनी होती, ती लावून गाडी घरी आली, इथपर्यंत ठीक. पण तसलं चाक तालुक्याला नाही, सोलापूरला नाही. एकच चाक द्यायला कुणी तयार नाही, चारचा सेट घ्या म्हणतात. शेवटी पुण्याहून मागवलं. या सगळ्यात बिगर स्टेपनीची गाडी रानात घालायची हिंमत झाली नाही, आणि त्याच आठवड्यात उडीद काढून पडला होता. आभाळ भरून आलं. उडीद भिजला म्हणजे काय होतं हे इथं वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही. डाग पडतो, मोड येतो, अडत्या हातात घेतो आणि खाली टाकतो.

त्याच ओढ्यात माझ्या बोलेरोची डिस्क दोनदा वाकली आहे. दोन्ही वेळा जॅक लावला, चाक काढून टायर उतरवलं, कडेचं बेंड हातोड्यानं काढलं, हवा भरली. नंतर तालुक्याला बेंड काढणाऱ्याकडे नेऊन डायलवर बघून घेतली. एकदा निघाली, दुसऱ्यांदा तो म्हणाला "मामा, ही आता आउटच राहणार." मग त्याच बाजारातनं नवी घेतली. संध्याकाळी गाडी रानात. मी विचारलेल्या दरांत कंपनीच्या एका अलॉयच्या पैशात स्टीलच्या दोन, कधी तीन डिस्क येतात.

आता वेल्डिंगचं. शेजाऱ्याचं चिरलेलं चाक शहरातल्या एका दुकानानं वेल्ड करून, घासून, चांदीचा रंग मारून "नव्यासारखं" दिलं होतं. मी ते घेऊ नको म्हणालो, आणि कारण सांगतो. वर सांगितलेली टी-६ची ताकद उष्णतेनं आलेली असते आणि उष्णतेनंच जाते. वेल्डिंगच्या आजूबाजूचा धातू मऊ पडतो. पुन्हा तीच ताकद आणायची तर आख्खं चाक पुन्हा ५४० अंशाला नेऊन विझवावं लागेल, ते कोण करणार? रंगाखाली काय आहे ते गिऱ्हाईकाला दिसत नाही. त्या चाकावर बायको-पोरं घालून तुम्ही बार्शीहून येरमाळ्याचा घाट चढणार. चिरलेलं अलॉय भंगारातच गेलं पाहिजे. दुकानदाराला ते परवडत नसेल तर तो त्याचा प्रश्न.

आणि स्टील असो वा अलॉय, टायर चढवलेलं असताना रिमवर वेल्डिंग किंवा गॅस कधीच लावू देऊ नका. हवा काढलेली असली तरी नाही. आतलं रबर तापून वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. ट्रॉलीच्या चाकाला हे सर्रास करतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

लोक जे सांगतात, त्याची उत्तरं

"अलॉय हलकं, ॲव्हरेज वाढतं." हायवेवर थोडा फरक पडत असेल. स्प्रिंगच्या खालचं वजन कमी झालं की गाडी खड्ड्यावर कमी उधळते, हेही खरं. पण पाणंदीला दुसऱ्या गिअरमध्ये, पाठीमागं पेंडीची पोती घेऊन जाताना ॲव्हरेज चाकाच्या एक-दोन किलोवर ठरत नाही. ते टायरमधल्या हवेवर, क्लचवरच्या पायावर आणि एअर फिल्टरमधल्या धुळीवर ठरतं. ॲव्हरेज पाहिजे असेल तर आधी फिल्टर झाडा.

"ब्रेक थंड राहतात." ॲल्युमिनियम उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी जास्त वाहून नेतं, मुद्दा बरोबर आहे. पण रानातला वेग ताशी पंधरा-वीसचा. घाटात ब्रेक तापत असतील तर गिअर खाली टाकायला शिका, चाक बदलून ती सवय लागत नाही.

"रॅलीच्या गाड्यांना अलॉय असतं." असतं. त्यांच्या मागं सुट्या भागांनी भरलेला ट्रक आणि मेकॅनिकांची फौज असते, रोज संध्याकाळी गाडी खोलून बघतात. तुमच्या मागं कोण आहे? ज्यांच्या मागं कुणी नसतं त्यांच्याकडे बघा. आपल्या फौजेची जिप्सी वर्षानुवर्षं स्टीलच्या चाकांवर पळाली. ऑस्ट्रेलियातले पशुपालक आणि खाणवाले टोयोटाची लँड क्रूझर ७० वापरतात. ती १९८४ पासून बनते, आणि तिचा कामाचा म्हणून विकला जाणारा प्रकार सोळा इंची स्टीलच्या चाकांवर येतो. पुढचं गॅरेज शे-दोनशे किलोमीटरवर असलेली माणसं अशी निवड करतात. आणि लांब कशाला, आपल्या अंगणात बघा. ट्रॅक्टर, ट्रॉली, उसाचा ट्रक, जेसीबी. ज्याला खरंच ओझं ओढायचंय त्याचं चाक कशाचं आहे? बैलगाडीच्या लाकडी चाकालासुद्धा आपल्या आज्यानं लोखंडाचीच धाव चढवली होती.

"अलॉय गंजत नाही." लोखंडासारखं तांबडं गंजत नाही, पण खराब होतंच. वरचा पारदर्शक थर दगडानं उडाला की त्याखाली पांढरी बुरशी धरल्यासारखा धातू खात जातो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर लोखंडी हबला अलॉय चिकटून बसतं आणि चाक निघता निघत नाही. पोटॅशची पोती गाडीतनं नेता ना? त्यातलं क्लोराइड दोन्ही धातूंना खातं. फरक एवढाच, की स्टील आपण घरी घासून रंगवू शकतो.

"दिसतं भारी." हा एकच मुद्दा मी मान्य करतो, कारण हा खरा आहे. हौसेला मोल नसतं. पोरगं पुण्याला शिकतंय, गाडी घेऊन मित्रांत जातंय, त्याला बरं वाटतं, यात वावगं काही नाही. फक्त तो खर्च हौसेच्या खात्यात लिहा. शेतीच्या खात्यात, पीककर्जातनं, "गाडी मजबूत केली" म्हणून लिहू नका.

धातूपेक्षा मोठी गोष्ट: टायरचा गाल

खरं सांगायचं तर अलॉय की स्टील यापेक्षा मोठी चूक होते ती मापात. अलॉय घ्यायला गेलेला माणूस पंधराचं चाक घेऊन परत येत नाही, सतरा-अठराचं घेऊन येतो. आता हिशोब करा. बोलेरोचा टायर २१५/७५ आर १५. म्हणजे रुंदी २१५ मिमी आणि गालाची उंची तिच्या ७५ टक्के, साधारण १६१ मिमी. पूर्ण चाकाची उंची साधारण ७०३ मिमी. ही उंची तेवढीच ठेवून आत अठरा इंची, म्हणजे ४५७ मिमीचं चाक बसवलं, तर गालाला उरतात १२३ मिमी. जवळजवळ चार सेंटिमीटर रबर गेलं, आणि त्याजागी धातू आला. दगड आधी रबराला भेटायचा, तो आता रिमला भेटतो. मग चिरणार नाही तर काय?

अठरा इंची म्हणजे कायम वाईट असंही नाही. थारला कंपनीचाच २५५/६५ आर १८ येतो, त्याचा गाल १६६ मिमीचा आहे, कारण आख्खं चाकच मोठं आहे. पण त्याच थारला सुरुवातीला जो स्टीलच्या चाकाचा प्रकार यायचा, त्याचा टायर २४५/७५ आर १६. गाल १८४ मिमी. रानासाठी यातलं कुठलं चांगलं, हे आता तुम्हीच सांगा.

कंपनीचं माप सोडून बाहेर निघणारी चाकं, मध्ये घातलेले स्पेसर, यानं बेअरिंग आणि बॉल जॉइंट लवकर जातात. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला बंधन घालतं. अपघात झाला आणि विमा कंपनीनं हे बोट ठेवलं, तर तालुक्याचा चाकवाला तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही.

कृषी सहायक आणि कृषीतज्ज्ञ मंडळींना दोन शब्द

तुम्ही आम्हाला फवारणीआधी आर्थिक नुकसानीची पातळी बघायला शिकवता. किडी मोजा, उंबरठा ओलांडला तरच औषध घ्या. तोच नियम गाडीला लावा ना. वर्षातनं किती किलोमीटर डांबर, किती पाणंद, किती ओझं, हे मोजा आणि मग चाक ठरवा. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर तुमचीही गाडी येते, कधी कधी थेट रानातच येते.

आणि इथं माझी तक्रार आहे. टायरमधली हवा जेवढी, जवळजवळ तेवढाच दाब वरच्या मातीवर पडतो. ३५ पीएसआय म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच किलो. २० पीएसआय म्हणजे साधारण दीड किलो. काळ्या रानात वापसा नसताना ३५च्या हवेनं गाडी घातली की चाकोरी पुढच्या पेरणीपर्यंत दिसते. तिथं पाणी तुंबतं, मूळ आडवं पळतं, हरभरा तेवढ्या पट्ट्यात पिवळा पडतो. पहिला उपाय म्हणजे वापसा येईपर्यंत गाडी बांधाबाहेर ठेवणं. जावंच लागलं तर ओझं उतरवून हवा १८-२० पर्यंत खाली आणा, वेग बैलगाडीचा ठेवा, आणि डांबराला लागायच्या आधी परत भरा. गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप त्यासाठीच असतो.

हवा कमी करायची तर उंच गालाचा टायर लागतो. बुटक्या गालाच्या टायरला हवा कमी केली की रिम थेट जमिनीला टेकते. म्हणजे चाकाची निवड शेवटी मातीपर्यंत जाते. हे चर्चासत्रात कुणी सांगत नाही, कारण ट्रॅक्टरच्या दाबावर सगळे बोलतात आणि स्वतःची गाडी झाडाखाली लावलेली असते.

स्टील म्हणजे डोळे झाकून नाही

"लोखंड ते लोखंड" म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींशीही माझं भांडण आहे. भंगारातनं आणलेली, सडलेली डिस्क अलॉयपेक्षा वाईट. वाकतं म्हणून ते कायम वाकतच राहील असं नाही, तेही थकतं. घेताना आणि वर्षातनं एकदा एवढं बघा:

१. बोल्टची भोकं गोल आहेत का. लांबट झालेली असतील तर ती डिस्क ढिल्या नटावर पळालेली आहे. घेऊ नका.

२. दोन भोकांच्या मध्ये आणि मधल्या मोठ्या छिद्राच्या कडेला चीर आहे का. तारेच्या ब्रशनं घासून, रॉकेलचं फडकं फिरवून उन्हात बघा.

३. पत्र्याची रिंग आणि मधली ताटली जिथं वेल्ड केलीय, तो जोड बघा. गंजाची रेघ बाहेर येत असेल तर आत चीर असू शकते.

४. टायर बसतो ती कड. तिथं गंजाचे पापुद्रे असतील तर ट्यूबलेसमधनं हवा जाणारच. घासून, रेड ऑक्साइड मारून, पातळ रंग द्या.

५. चाक जॅकवर उचलून फिरवा, जवळ खडू धरा. एकाच ठिकाणी खडू लागत असेल तर डिस्क आउट आहे.

रंगवताना हबला टेकणारी बाजू आणि नट बसतात त्या खोबणी सोडून द्या. तिथं रंगाचा जाड थर राहिला की तो पुढं दबतो आणि नट ढिले होतात.

चिखलाचंही बघा. काळी माती डिस्कच्या आत बसून वाळली की डांबरावर स्टेअरिंग थरथरतं, आणि माणूस अलाइनमेंटला पैसे घालतो. आधी आतनं पाणी मारा.

ज्यांनी अलॉय घेतलंच आहे त्यांच्यासाठी

विकून टाका असं म्हणत नाही. कंपनीनं दिलेलं, कंपनीच्या मापाचं अलॉय असेल तर वापरा, पण तीन गोष्टी करा.

पहिली, स्टेपनीचे नट तपासा. अलॉय जाड असतं, स्टील पातळ. काही गाड्यांना दोन्हीचे नट वेगळे लागतात. चार चाकं अलॉय आणि स्टेपनी स्टीलची असेल तर तिचे नट आत्ताच घरी लावून बघा, रात्री ओढ्यात नको. बाहेरनं अलॉय बसवलं असेल तर नट किती आटे जातो ते मोजा. बारा मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर आट्याच्या बोल्टवर नट किमान आठ फेरे गेला पाहिजे. चार फेऱ्यांत घट्ट झाला तर ते चाक जीवावर बेतेल.

दुसरी, पान्यावर उभं राहू नका. सत्तर किलोचा माणूस एक फुटी पान्यावर उभा राहिला की दोनशे न्यूटन-मीटरच्या वर जोर जातो. बहुतेक अशा गाड्यांना त्याच्या निम्मा पुरतो. आकडा मॅन्युअलमध्ये असतो. अर्ध्या मीटरच्या पान्यावर वीस किलो जोर म्हणजे साधारण शंभर न्यूटन-मीटर, एवढा अंदाज हाताला असू द्या. चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनं नट परत तपासा. हे स्टीललाही लागू.

तिसरी, मोठा दणका बसला की त्याच दिवशी चाक काढून आतल्या बाजूनं बघा. बाहेरनं चकाकतंय म्हणून समाधान मानू नका.

गाडी विकणाऱ्यांना

शेवटचं बोलणं कंपन्यांशी. मारुतीनं जिम्नी आणली तेव्हा खालच्या झेटा प्रकारात पंधरा इंची स्टीलची चाकं दिली, आणि फोर बाय फोर त्यातही ठेवलं. म्हणजे करता येतं. पण बाकी बहुतेक ठिकाणी काय दिसतं? चांगल्या सोयी पाहिजेत तर वरचा प्रकार घ्या, आणि वरच्या प्रकाराबरोबर मोठी अलॉय गळ्यात. सुरक्षेच्या सोयी आणि चकाकी एकाच पिशवीत बांधून विकायचं हे धोरण शेतकऱ्याच्या कामाचं नाही. लिंकिंगचं खत आम्ही ओळखतो. युरिया पाहिजे तर ही बाटली घ्यावी लागेल, हे वाक्य आम्ही प्रत्येक हंगामात ऐकतो. गाडीत तेच चाललंय.

म्हणून दसऱ्याला बुकिंग करायला जाणाऱ्यांना माझी विनंती. शोरूममध्ये बसल्यावर पहिलं विचारा, "याच प्रकारात स्टीलची चाकं मिळतील का, आणि किंमत किती कमी होईल?" नाही म्हणतील. तरी विचारा. शंभर जणांनी विचारलं की वर कळवावं लागतं. नाहीच मिळाली, तर कंपनीच्याच मापाच्या स्टील डिस्क वेगळ्या घ्या, रानासाठी त्या लावा, आणि अलॉय लग्नसराईसाठी पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा. उरलेले पैसे चांगल्या टायरला, हवेच्या पंपाला आणि चांगल्या जॅकला घाला.

रात्री दोनला पोटुशी लेक दवाखान्यात न्यायची असते, पाऊस पडत असतो, आणि पाणंद तीच असते. त्या वेळी चाक कसं दिसतं हे कुणी बघत नाही.

चला, उडदावर ताडपत्री टाकायची आहे. हवामान खात्यानं उद्याचा पाऊस सांगितलाय.